बातमी लिहायच्या आधी

पत्रकारितेचा पेपर मी घेतला त्यामागे ध्येय वगैरे काही नव्हतं. बीएला मराठी मुख्य विषय, आणि नव्या शैक्षणिक धोरणामुळे जोडीला एक कौशल्याचा पेपर घेणं भाग होतं. पर्याय होते सूत्रसंचालन, भाषांतर आणि वृत्तपत्रलेखन. सूत्रसंचालनाच्या जागा पहिल्याच दिवशी संपल्या. भाषांतराचा तास संपल्यावर आमच्या गावची बस मिळत नव्हती. उरलं ते मी घेतलं. गोव्यात फोंड्याच्या आसपासच्या कॉलेजांत शिकणाऱ्या बऱ्याच मुलांचे विषय बसच असे ठरवते, हे कुठल्या माहितीपत्रकात छापत नाहीत.

शिकवायला येणारे सर कॉलेजचे नव्हते. पणजीत एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर उभी हयात काढून निवृत्त झालेले. सुरुवातीला कित्येक तास त्यांनी आम्हाला एक ओळ लिहू दिली नाही. येताना ते गोमन्तक, नवप्रभा, तरुण भारत, लोकमत, पुढारी असा गठ्ठा काखेत मारून आणायचे आणि टेबलावर टाकायचे. २०११च्या जनगणनेत साडेचौदा लाख वस्ती भरलेल्या राज्यात एवढे मराठी पेपर खपतात, दिवसभर कोकणीत बोलणारी माणसं सकाळी चहाबरोबर मराठी बातम्या वाचतात, याचं मला तोवर कधी नवल वाटलं नव्हतं. आमच्याही घरी तेच चालायचं.

सर म्हणायचे, "लाल पेन काढा. प्रत्येक वाक्यासमोर समासात लिहा, हे बातमीदाराला कोणी सांगितलं."

करून बघा कधी. अपघाताच्या बातमीत पहिल्या दोन वाक्यांसमोर 'पोलीस' येतं, जखमींच्या प्रकृतीसमोर 'इस्पितळ'. मग अचानक 'परिसरातील नागरिकांतून तीव्र संताप व्यक्त होत आहे' असं वाक्य येतं आणि पेन थांबतं. कुठले नागरिक? कितीजण? त्यांनी संताप व्यक्त केला तो कोणापाशी? 'समजते', 'बोलले जात आहे', 'चर्चेला उधाण आले आहे' ही वाक्यं आली की समास कोरा. एका लांबलचक राजकीय बातमीचा अख्खा समास कोरा राहिला तेव्हा वर्गात हशा पिकला. सर हसले नाहीत. म्हणाले, "ही बातमी दुसऱ्या दिवशी खरी ठरली होती. पण वाचणाऱ्यानं विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर?"

एकदा त्यांनी माहिती आणि प्रसिद्धी खात्याच्या एका प्रसिद्धीपत्रकाची झेरॉक्स आणली आणि तेच पत्रक दुसऱ्या दिवशी पेपरांत कसं कसं उतरलं ते शेजारी शेजारी मांडलं. एका ठिकाणी स्वल्पविरामांसकट जसंच्या तसं. एका ठिकाणी मंत्र्यांचं भाषण वर आणि कामाचा खर्च शेवटच्या ओळीत. एकाच पेपरनं ते काम मुळात कधी सुरू झालं होतं आणि किती रखडलं ते पहिल्या परिच्छेदात घातलं होतं, आणि पत्रकात त्याचा उल्लेखही नव्हता. "या एका वाक्यासाठी बातमीदार लागतो," सर म्हणाले. "बाकीचं टायपिंग."

कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं हे सहा ककार पुस्तकात होतेच. परीक्षेला ते पाच गुणांना येतात आणि सगळ्यांना येतात. सरांचं म्हणणं असं की पहिले चार फोनवर मिळतात. 'का' आणि 'कसं' यांच्यासाठी चपला झिजवाव्या लागतात. उलट्या पिरॅमिडचंही तसंच. महत्त्वाचं वर, बाकीचं उतरत्या क्रमानं खाली, हे पाठ होतं. पण ते तसं का, हे मला पणजीच्या ऑफिसात पान लागताना पाहिलं तेव्हा कळलं. रात्री उशिरा जाहिरात येते, पानावरची जागा जाते, आणि डेस्कवरचा माणूस बातमी खालून कापत सुटतो. त्याला वाचायला वेळ नसतो. शेवटच्या परिच्छेदात तुम्ही काही मोलाचं जपून ठेवलं असेल तर ते गेलं.

संगणकाच्या लॅबबद्दल फार लिहीत नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकताना सगळ्यांची बोटं आखडतात, आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडात आणला की जोडाक्षरांची वाट लागते, एवढंच. फोनवर बोटानं मराठी लिहिणारी आमची पिढी त्या लॅबमध्ये लहान मुलासारखी एकेक कळ शोधत होती.

मग सरांनी ग्रामसभा दिली. प्रत्येकानं आपापल्या गावच्या पंचायतीत जायचं, पूर्ण बसायचं आणि तीनशे शब्दांत बातमी आणायची. गोव्यात पंचायत राज कायदा १९९४चा. सर्वसाधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरात, रविवारी भरते. माझ्या घरातून बाबा कधीतरी जायचे. मी कधीच गेले नव्हते.

जाण्याआधी सरांनी सूचना दिल्या त्या फारच बारीक होत्या. सरपंच आणि दरवाजा दोन्ही दिसतील अशा जागी बस, कारण मध्येच उठून कोण गेलं हीसुद्धा माहिती असते. वहीत दर पानावर वेळ टाक. माणूस बोलून खाली बसला की लगेच विचारायला जाऊ नकोस, त्याचा आवेश उतरू दे. नाव विचारताना वडिलांचं नाव आणि वाडा विचार. हे शेवटचं मला फालतू वाटलं होतं. पण अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंडा तालुक्यातल्या, कुठल्याही गावात नाईक आणि गावडे आडनावाची माणसं मोजायला बसा. आमच्याच पंचायतीत एका नावाआडनावाचे तिघे आहेत. त्यातले दोघे त्या दिवशी सभागृहात होते आणि एकमेकांच्या विरुद्ध बाजूनं बोलत होते. वडिलांचं नाव न विचारता आले असते, तर बातमीत एकच माणूस आधी आरोप करतो आणि मग स्वतःच तो खोडून काढतो असं दिसलं असतं.

सभा सुरू झाली ती मागच्या सभेच्या इतिवृत्तावरून. सचिव वाचत होते, लोक ऐकत नव्हते. मग कचऱ्याच्या शेडची जागा, रस्त्यावरची गुरं, पाणी. पाण्यावर बराच वेळ गेला. ओपाहून इथं हाकेच्या अंतरावर आम्ही, आणि नळ कोरडे, असं एक बाई तीनतीनदा सांगत होत्या. खांडेपार नदीवरचा ओपाचा प्रकल्प फोंड्याबरोबर पणजीलाही पाणी देतो, त्यामुळे ही तक्रार आमच्याकडे प्रत्येक सभेत असते म्हणे. आणि त्यानंतर वरच्या वाड्यावरच्या डोंगराचा विषय निघाला.

डोंगराच्या उतारावर यंत्र लावून कापणी चालली होती. पावसात तांबडी माती खाली वाहत येते आणि आमच्या विहिरीत उतरते, असं एक म्हातारे काका उभे राहून सांगू लागले. मागून कोणीतरी ओरडलं, "एकही परवाना नाही त्याच्याकडे!" सरपंच म्हणाले, "सगळे परवाने आहेत. कागद बघून बोला." कागद मात्र कोणीच काढला नाही. आवाज चढले, खुर्च्या सरकल्या, दोघंतिघं उठून बाहेर गेले. मी वेळ लिहिली.

पुढच्या तासाला सगळ्यांनी बातम्या आणल्या. वर्गातल्या बहुतेक ग्रामसभा 'उत्साहात पार पडल्या' होत्या. एकीच्या बातमीत सुरुवातीला सरपंच, उपसरपंच, पंच, सचिव, निरीक्षक म्हणून आलेले अधिकारी अशी नामावळ दिली होती आणि भांडण थेट चौथ्या परिच्छेदात सुरू झालं होतं. सरांनी तिला विचारलं, "घरी गेल्यावर आईला काय सांगितलंस? सरपंच व्यासपीठावर उपस्थित होते, हे?" ती म्हणाली, नाही, कचऱ्यावरून किती भांडले ते सांगितलं. "मग ते वर घे."

माझ्या बातमीवर ते बराच वेळ थांबले. मी सरळ लिहिलं होतं: डोंगर कापणीला परवाना नसल्याचा ग्रामस्थांचा आरोप, सर्व परवाने असल्याचा सरपंचांचा दावा. दोन्ही बाजू घेतल्या, झालं, असं मला वाटत होतं. वर्गानंही मान डोलावली. सर म्हणाले, "एकजण म्हणतो पाऊस पडतोय, दुसरा म्हणतो ऊन आहे. तू दोघांचं लिहून आणलंस. खिडकी उघडून कोणी बघायचं?"

खिडकी उघडायची म्हणजे काय करायचं, ते शिकण्यात माझं ते सेमिस्टर गेलं आणि पुढची इंटर्नशिपही त्यातच गेली. ते जरा सविस्तर सांगते.

आधी डोंगर बघून आले. लांबून, रस्त्यावरून, दुसऱ्याच्या जागेत पाय टाकायचा नाही ही सरांची ताकीद होती. विहीर मात्र त्या काकांची स्वतःची, तिथं बोलावूनच नेलं त्यांनी. पाणी गढूळ होतं. पण पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ होण्याची कारणं दहा असतात, म्हणून मी शेजारच्या दोन घरांतल्या विहिरी पाहिल्या. एक तशीच गढूळ, एक स्वच्छ, आणि ती स्वच्छ विहीर ओहोळाच्या पलीकडे होती. हे मी वहीत लिहिलं. बातमीत ते एका वाक्यात आलं, पण ग्रामसभेत ते कोणीच बोललं नव्हतं.

मग कागद. आमच्याकडे जमिनीची गोष्ट एक-चौदाच्या उताऱ्यापासून, म्हणजे गोव्यातल्या सातबाऱ्यापासून, सुरू होते. सर्व्हे क्रमांक माहीत असेल तर तो ऑनलाईन पाहता येतो. क्रमांक काकांनी दिला. जमीन विकली गेल्याची गावभर चर्चा होती, पण उताऱ्यावर जुन्या मालकाचंच नाव दिसत होतं, म्हणजे विक्री झाली असली तरी म्युटेशन, म्हणजे उताऱ्यावरच्या नावाचा फेरफार, झालेलं नव्हतं. 'अमक्यानं जमीन घेतली' हे वाक्य तिथंच बाद झालं.

पुढचा प्रश्न परवानग्यांचा. घर बांधायला पंचायतीचा बांधकाम परवाना लागतो, त्याआधी नगर नियोजन खात्याची मान्यता, शेतजमीन असेल तर रूपांतराची सनद. हे मला घरी बाबांनीच सांगितलं; गोव्यात घर बांधलेल्या कुठल्याही माणसाला ही कर्मकथा तोंडपाठ असते. पण डोंगर कापणीचं वेगळं आहे. १९७४च्या नगर नियोजन कायद्यात कलम १७ अ आहे. डोंगराळ जमीन कापायची किंवा सखल जमीन भरायची तर आगाऊ लेखी परवानगी घ्यावी लागते. म्हणजे घराचा परवाना हातात असूनही कापणी बेकायदा ठरू शकते. सभागृहातले दोन्ही पक्ष 'परवाना' असं मोघम ओरडत होते, आणि दोघंही वेगवेगळ्या कागदाबद्दल बोलत असण्याची शक्यता होती.

पंचायतीत जाऊन सचिवांना विचारलं. ते सभ्यपणे म्हणाले, "असं तोंडी देता येत नाही. अर्ज कर."

माहिती अधिकाराचा अर्ज मला फार मोठी वकिली गोष्ट वाटायची. साधा कागद असतो. दहा रुपये शुल्क, कारण सांगायची गरज नाही, पत्रकार असण्याचीही गरज नाही. नागरिक म्हणून मागायचं. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. केंद्राचा कायदा २००५चा, पण गोव्यानं स्वतःचा कायदा १९९७लाच केला होता, हे मला सरांकडून कळलं. अर्ज लिहिण्यात मात्र कसब आहे. माझ्या मसुद्यात 'डोंगर कापणी बेकायदा आहे का?' असा प्रश्न होता. तो सरांनी कापला. खात्याला मत विचारायचं नसतं, कागद मागायचा असतो. अमुक सर्व्हे क्रमांकात दिलेल्या बांधकाम परवान्याची प्रत. नगर नियोजन खात्याच्या मान्यतेची प्रत. कलम १७ अ खालील परवानगीची प्रत. आलेल्या तक्रारींच्या प्रती आणि त्यांवर केलेल्या कारवाईचा तपशील. एवढंच.

उत्तर यायच्या आत घरी फोन आला. आत्याचा. उताऱ्यावर ज्यांचं नाव होतं ते आत्याच्या सासरच्या भावकीतले निघाले. "तुझी मुलगी पंचायतीत कागद मागते म्हणे," असं तिनं बाबांना सांगितलं. रागानं नव्हे, काळजीनं. आई म्हणाली, चवथ महिन्यावर आली, त्यांच्याकडे गणपतीला जायचं आहे, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधतात, तिच्याखाली बसून काय बोलणार? अर्ज मी दिला होता एका सकाळी आणि फोन आला त्याच संध्याकाळी. मोठ्या शहरातल्या पत्रकारितेच्या पुस्तकांत हा धडा नसतो. तिथं बातमीदार आणि ज्याच्याबद्दल बातमी आहे तो, दोघं एकमेकांना पुन्हा भेटत नाहीत असं गृहीत धरलेलं असतं. इथं ते बाजारात भेटतात, जत्रेत भेटतात, आणि एकाच पंगतीला बसतात.

सरांना सांगितलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, घाबरू नकोस, लिही. किंवा म्हणतील, सोडून दे. ते म्हणाले, "हे मला आत्ता सांगितलंस ते चांगलं झालं. आता हेच जिथं इंटर्नशिप करतेस तिथल्या संपादकांना सांग, बातमी द्यायच्या आधी."

इंटर्नशिप पणजीत, एका दैनिकात चालू झालीच होती. दुपारी कॉलेज सुटलं की कदंबची बस, आणि रात्रीची शेवटची चुकायच्या आत परत. डेस्कचं खरं काम त्यानंतर सुरू होतं, त्यामुळे पहिलं पान लागताना मी मोजक्याच वेळा पाहिलं. त्या दिवशी बाबांना न्यायला यावं लागायचं. इंटर्नशिप मुलींनाही मिळते, पण परतीच्या बसचा विचार कोणी केलेला नसतो.

माझ्या वाट्याला आली ती निधनवार्ता. मला आधी जरा हिरमुसल्यासारखं झालं. पण शेजारी बसणाऱ्या ज्येष्ठ उपसंपादक मॅडमनी सांगितलं की आपल्या पेपरात सगळ्यात आधी आणि सगळ्यात बारकाईनं वाचली जाणारी जागा ती, आणि सर्वाधिक फोनही त्याच जागेवरून येतात. व्हॉट्सअॅपवर आलेल्या निरोपावरून कधीही लावायची नाही. घरच्या माणसाला स्वतः फोन करायचा. वय, गाव, वाडा, अंत्यसंस्काराची वेळ परत वाचून दाखवायची. पश्चात कोण कोण, ते विचारायचं आणि सुनांची नावं राहिली का हेही विचारायचं, कारण ती राहतात. ज्या घरात माणूस काही तासांपूर्वी गेला त्या घरात फोन करून 'नाव ऱ्हस्व की दीर्घ' असं विचारायला जीभ रेटत नाही. पण मला एकानंही झिडकारलं नाही. उलट एका मुलानं, वडिलांनी दशावतारात कुठल्या भूमिका केल्या होत्या ते बराच वेळ सांगितलं, आणि त्या निधनवार्तेची चौकट झाली.

त्याच मॅडमच्या शेजारी बसून मी एक गोष्ट जवळून पाहिली. अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराची बातमी आली होती. वार्ताहरानं नाव दिलं नव्हतं, कायद्याप्रमाणे देता येतच नाही: पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३, आणि एरवी १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. बातमी मला निर्दोष वाटली. मॅडमनी वाड्याचं नाव काढलं. मग गावाचं काढलं. मग 'सातवीत शिकणारी' काढलं. मग वडिलांचा धंदा. मग संशयिताचं मुलीशी असलेलं नातं, कारण त्याच्या नावासोबत ते गेलं की मुलगी कोण हे उघडच होतं. शेवटी 'फोंडा तालुक्यातील एका गावात' एवढंच राहिलं. कलम २३ वाचलं तर त्यात शाळा, शेजार, कुटुंबाचा तपशील हे सगळं नावानिशी आहेच. पण आमच्या गावांत तर त्याहून कमी पुरतं. आमच्याकडे सातवीच्या वर्गात मुली असतात आठ-दहा. वार्ताहराचा फोन आला, बातमीत काही राहिलंच नाही म्हणून. मॅडम म्हणाल्या, "राहू दे न राहिलेली."

मधल्या काळात सरांनी आम्हाला पणजीत पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात नेलं. कृष्णदास शामांच्या नावाचं हे ग्रंथालय १८३२ साली सुरू झालं. त्याच वर्षी ६ जानेवारीला मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचं दर्पण निघालं. आणि छापखाना तर जुन्या गोव्यात १५५६लाच उतरला होता, भारतातला पहिला. तरी पोर्तुगीज राजवटीत इथल्या पेपरांवर सेन्सॉरची मुस्की होती, १९६१ला मुक्ती मिळेपर्यंत. मुक्तीनंतर लगेच, १९६२ला गोमन्तक निघाला. १९६३ला मडगावहून राष्ट्रमत. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात हे दोन्ही मराठी पेपर एकमेकांसमोर उभे होते. गोमन्तक महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूचा, राष्ट्रमत विरोधातला. मराठी पेपर म्हणजे विलीनीकरणवादी, असा माझा सरधोपट समज होता. विलीनीकरणाविरुद्धची लढाईसुद्धा मराठीतून लढली गेली, हे शाळेत कोणी धडपणे सांगितलं नव्हतं. शेवटी ३४,०२१ मतांच्या फरकानं गोवा वेगळा राहिला. सरांनी तिथंही लाल पेनाचाच खेळ लावला, अर्थात पेन न वापरता, मनात. मतं दोन्हीकडे सणसणीत असतील, पण सभेला किती लोक होते हे कोण कोणाच्या हवाल्यानं लिहितो, ते पाहा. मला वाटतं आमच्या पेपरात मत आणि माहिती यांची सरमिसळ होते तिचं मूळ त्या दिवसांत असावं. सरांना हे पटत नाही. त्यांच्या मते ती सरमिसळ आळसातून येते, आणि आळसाला परंपरेचं नाव द्यायचं कारण नाही.

तर डोंगर. माहिती अधिकाराचं उत्तर मुदतीत आलं, पानाला दोन रुपयांप्रमाणे प्रती घेतल्या. एका घराचा बांधकाम परवाना होता, नगर नियोजन खात्याची त्या घरापुरती मान्यताही होती. म्हणजे 'एकही परवाना नाही' हे खोटं ठरलं. कलम १७ अ बद्दल एकच ओळ: सदर माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही. म्हणजे 'सगळे परवाने आहेत' हेही सिद्ध झालं नाही. तक्रारींच्या प्रती मात्र होत्या, आणि त्यात सर्वांत जुनी तक्रार त्या विहिरीवाल्या काकांचीच, पावसाळ्याच्या कितीतरी आधीची. ग्रामसभेत ते त्याबद्दल अवाक्षर बोलले नव्हते. विचारलं तर म्हणाले, "बाय, तक्रार दिली हे सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते ह्यानंच पेटवलं."

संपादकांना नात्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी दोन मिनिटांत निकाल दिला. कागद माझे वापरायचे, पण जमीनमालकाशी बोलायचं फोंड्याच्या बातमीदारानं, आणि बातमी माझ्या नावानं लागणार नाही. मला वाईट वाटलंच. पहिली खरी बातमी आणि वर 'प्रतिनिधी, फोंडा'. पण बातमीदार दादांनी मालकाशी बोलण्यासाठी जे केलं ते पाहून मला माझ्या नावापेक्षा जास्त मिळालं. 'संपर्क होऊ शकला नाही' हे वाक्य आपण किती सहज वाचतो. दादांनी फोन केला, मेसेज टाकला, दुसऱ्या दिवशी परत फोन केला, मग घरी गेले. मालक भेटले, चहा दिला, आणि म्हणाले की कापणी संरक्षक भिंतीसाठी आहे, परवानगीचा अर्ज केलेला आहे. अर्जाची पोच त्यांनी दाखवली. दादांनी तिचा फोटो काढायची परवानगी मागून घेतली. अर्ज केला म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. पण तो माणूस काही लपवत होता असंही म्हणता येत नव्हतं. बातमीचा इन्ट्रो, म्हणजे सुरुवातीचं वाक्य, त्या पोचपावतीवर बेतला गेला: परवानगीचा अर्ज प्रलंबित असताना डोंगर कापणी सुरू. त्यात विशेषण एकही नव्हतं. आतल्या पानावर दोन कॉलम.

चवथीला आम्ही त्यांच्याकडे गेलो. माटोळीखाली बसलो, नेवऱ्या खाल्ल्या. कोणी विषय काढला नाही. निघताना त्या घरातल्या काकी आईला म्हणाल्या, "पेपरात आमचं म्हणणं पण आलं, ते बरं झालं." आई गाडीत बसल्यावर माझ्याकडे बघून काहीच बोलली नाही, हे तिच्या बाजूनं पुष्कळ झालं.

राहिली ती कलम १७ अ ची ओळ. माहिती आपल्याकडे नसेल तर ज्या कार्यालयाकडे ती आहे तिकडे अर्ज पाच दिवसांत वर्ग करायचा, असं माहिती अधिकार कायद्यात आहे. पंचायतीनं तो केला नव्हता. म्हणून मी गट विकास अधिकाऱ्यांकडे पहिलं अपील केलं, आणि शिवाय नगर नियोजन खात्यात वेगळा अर्ज टाकला. अपिलाच्या सुनावणीची नोटीस आली आहे. त्याच दिवशी, त्याच वेळेला सरांच्या पेपरची इंटर्नल परीक्षा आहे. सरांना विचारलं, काय करू? ते म्हणाले, सुनावणीला जा, इंटर्नल मी पुन्हा घेईन. फक्त येताना आदेशाची प्रत सहीशिक्क्यानिशी घेऊन ये, तोंडी काय झालं ते सांगत बसू नकोस.